आठ वजिरांचं कोडं: प्रोग्राम लिहा, पण आधी चिंचोके घ्या

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं कामच नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडलेलं आणि घरात सुट्टीला आलेली भाची. २०२५च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही घेतला, तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात बुद्धिबळाने घर केलंय. यंदा तिला शाळेत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू झाली, म्हणून दोन्ही एका दोरीत ओवावं असं ठरवून मी तिला आठ वजिरांचं कोडं दिलं.

कोडं एका वाक्याचं आहे. आठ बाय आठच्या पटावर आठ वजीर असे ठेवा, की कोणीच कोणाला मारू शकणार नाही. वजीर आडवा, उभा आणि तिरपा कितीही घरं जातो. म्हणजे एका आडव्या ओळीत एकच, एका उभ्या ओळीत एकच आणि कुठल्याही तिरप्या ओळीत एकाहून जास्त नको. माक्स बेत्सेल नावाच्या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ साली हे मांडलं, फ्रान्झ नाउकने १८५० साली उत्तरं छापली आणि गाउससारखा गणितीही यात काही काळ गुंतला होता. एकूण उत्तरं ९२. हा आकडा आत्ताच सांगून टाकतो. लपवण्यात मजा नाही, आणि प्रोग्राम बरोबर चाललाय का हे ताडायला तो लागणारच आहे.

"मामा, पण डब्यात वजीर तर दोनच आहेत."

म्हणून चिंचोके. डाळीच्या डब्याशेजारच्या बरणीतून मूठभर काढले. तुमच्याकडे नसतील तर शेंगदाणे, बटणं, काहीही चालेल. फक्त हे कोडं थेट कीबोर्डवर सुरू करू नका. माझा आजवरचा अनुभव असा, की ज्याने हाताने चार वजीर बसवले नाहीत त्याचा आठ वजिरांचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालत नाही, आणि चाललाच तर का चालला हे त्याला सांगता येत नाही.

फरशीवर चार बाय चार

खडूने फरशीवर चार बाय चारचा पट आखा. आडव्या ओळींना वरून खाली १ ते ४, उभ्या ओळींना डावीकडून उजवीकडे १ ते ४. गोंधळ नको म्हणून यापुढे आडवीला नुसतं "ओळ" म्हणतो आणि उभीला "स्तंभ".

आता नियम असा लावा: एका वेळी एकच ओळ बघायची. त्या ओळीत डावीकडून पहिलं चालणारं घर सापडलं की चिंचोका ठेवायचा आणि खालच्या ओळीत उतरायचं. एकही घर चालत नसेल तर वरच्या ओळीत परत जायचं, तिथला चिंचोका उचलायचा आणि त्याच्या पुढचं चालणारं घर शोधायचं.

पहिल्या ओळीत स्तंभ १. दुसऱ्या ओळीत स्तंभ १ उभा मारला जातो, २ तिरपा मारला जातो, ३ चालतो. ठेवा. तिसऱ्या ओळीत १ पहिल्याच्या खाली, ३ दुसऱ्याच्या खाली, २ आणि ४ दोन्ही दुसऱ्याच्या तिरप्यात. अडकलो. म्हणून दुसऱ्या ओळीतला चिंचोका उचलून ४ वर. आता तिसऱ्या ओळीत २ चालतो. चौथ्या ओळीत मात्र १, २, ४ उभे मारले जातात आणि ३ तिसऱ्याच्या तिरप्यात. पुन्हा अडकलो. तिसऱ्या ओळीत २ च्या पुढे काही चालत नाही, दुसऱ्या ओळीत ४ च्या पुढे घरच नाही. म्हणजे पहिल्या ओळीतला पहिला चिंचोकाच चुकीच्या जागी होता. तो २ वर सरकवा. दुसऱ्या ओळीत थेट ४, तिसऱ्या ओळीत १, चौथ्या ओळीत ३. झालं!

उत्तर २, ४, १, ३. चार बाय चारला दोनच उत्तरं आहेत. दुसरं ३, १, ४, २, म्हणजे याचंच आरशातलं रूप.

भाचीने हे करून झाल्यावर सहा बाय सहाचा पट आखला आणि काही न मोजता २, ४, ६, १, ३, ५ असे चिंचोके मांडले. घोड्याच्या चालीने उतरत गेली. बरोबर निघालं! मग तीच युक्ती आठला: २, ४, ६, ८, १, ३, ५, ७. इथे दुसऱ्या ओळीतला ४ आणि पाचव्या ओळीतला १ एकाच तिरप्यात येतात. तिचा चेहरा पडला. युक्ती वाईट नाही, दहाला आणि बाराला ती पुन्हा चालते, पण पटाच्या आकाराला सहाने भागून बाकी दोन उरली की सम पटावर ती फसते. आणि आठला सहाने भागलं की बाकी दोनच उरते. शिवाय अशी युक्ती एक उत्तर देईल, ९२ नाही देणार.

किती ठिकाणी शोधायचं?

६४ घरांतून कुठलीही ८ निवडायची म्हटलं तर ४,४२,६१,६५,३६८ प्रकार होतात. चारशे बेचाळीस कोटींच्या वर. पण एका ओळीत एकच वजीर राहणार हे तर आधीच ठाऊक आहे. मग "घर कुठलं" हा प्रश्नच सोडा आणि "या ओळीतला वजीर कुठल्या स्तंभात" एवढंच विचारा. प्रत्येक ओळीला आठ पर्याय, म्हणजे १,६७,७७,२१६. दोन वजीर एका स्तंभात नकोत हेही लावलं तर १ ते ८ या आकड्यांच्या सगळ्या मांडण्या, ४०,३२०.

प्रोग्रामची एक ओळही न लिहिता आपण कोटींवरून हजारांवर आलो. त्यामुळे ६४ खणांचा पट मेमरीत ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. आठ आकड्यांची एक लिस्ट पुरते. तिसऱ्या जागी ८ असेल तर तिसऱ्या ओळीतला वजीर आठव्या स्तंभात. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये मला हमखास दिसतं ते आठ बाय आठचं कोष्टक, त्यात शून्य आणि एक, आणि प्रत्येक वेळी आठही दिशांना धावणारे लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारे तुकडे). चालतं ते. पण चूक शोधताना घाम निघतो.

तिरप्या ओळींना नाव द्या

स्तंभ तपासणं सोपं. खरी अडचण तिरप्याची. इथे खडू पुन्हा हातात घ्या, आठ बाय आठचा पट आखा आणि प्रत्येक घरात ओळ अधिक स्तंभ यांची बेरीज लिहा. पहिल्या ओळीत २, ३, ४ असं ९ पर्यंत, दुसरीत ३ ते १०, शेवटच्या ओळीत ९ ते १६. लिहून झालं की उभं राहून वरून बघा. सगळे ९ एका तिरप्या रेषेत, उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात उतरलेले. सगळे ५ एका तिरप्या रेषेत. म्हणजे बेरीज हेच त्या तिरप्या ओळीचं नाव. अशा ओळी २ ते १६, एकूण १५.

दुसऱ्या बाजूच्या तिरप्यांसाठी ओळीतून स्तंभ वजा करा. उत्तर उणे ७ ते ७, याही १५ ओळी. उणे आकडे अडचणीचे म्हणून त्यात ८ मिळवा, म्हणजे १ ते १५ मिळतात.

हे ८ मिळवणं लोक टाळतात आणि पस्तावतात. सी भाषेत अ‍ॅरेला (म्हणजे तिथल्या लिस्टला) उणे क्रमांक दिला तर प्रोग्राम गुपचूप मेमरीतल्या शेजारच्याच्या घरात शिरतो. पायथॉनमध्ये उणे क्रमांक शेवटून मोजला जातो, त्यामुळे लिस्ट बरोबर १५ खणांची असेल तर योगायोगाने सगळं जुळून येतं, आणि ती ८ खणांची केली असेल तर दोन वेगळ्या तिरप्या ओळी एकाच खणात जाऊन बसतात. उत्तरं कमी येतात आणि कुठे चुकलं ते दिसत नाही.

वजीर ठेवला की त्याच्या स्तंभावर, बेरजेवर आणि वजाबाकीवर खूण करायची. आता कुठल्याही घरासाठी तीनच प्रश्न: या स्तंभावर खूण आहे का, या बेरजेवर खूण आहे का, या वजाबाकीवर खूण आहे का? तिन्हींना "नाही" आलं की घर मोकळं.

प्रोग्रामचा सांगाडा

खाली मराठीतच लिहितो. तुमच्या भाषेत उतरवायला दहा मिनिटं लागतील. पायथॉनच्या ३ नंबरच्या आवृत्तीपासून चलांची (व्हेरिएबल्सची) नावं देवनागरीत देता येतात. भाचीने "स्तंभ" आणि "बेरीज" हीच नावं ठेवली आणि ती चालली. "जर" आणि "साठी" यांच्यासाठी मात्र पायथॉनचे स्वतःचे इंग्रजी शब्दच वापरावे लागतात.

    ठेव(ओळ):
        जर ओळ = ९:
            वजीर-लिस्टची नक्कल उत्तरांत लिही
            परत फीर
        स्तंभ १ ते ८, एकेक करून:
            जर स्तंभखूण[स्तंभ] लागलेली,
               किंवा बेरीजखूण[ओळ + स्तंभ] लागलेली,
               किंवा फरकखूण[ओळ − स्तंभ + ८] लागलेली:
                पुढचा स्तंभ बघ
            वजीर[ओळ] = स्तंभ
            तिन्ही खुणा लाव
            ठेव(ओळ + १)
            तिन्ही खुणा पूस

    सुरुवातीला सगळ्या खुणा पुसलेल्या
    ठेव(१)

लिस्टमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून जागा थोडी जास्त धरा: स्तंभखूण ९ खणांची, बेरीजखूण १७ खणांची, फरकखूण १६ खणांची, वजीर ९ खणांची. शून्याचा खण रिकामा राहिला तर बिघडत नाही. आमच्या फरशीवरचे आकडे आणि प्रोग्राममधले आकडे सारखे राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

यात "ठेव" स्वतःलाच बोलावतं. याला रिकर्शन म्हणतात, आणि पुढे जाऊन अडकलं की मागे येण्याच्या या पद्धतीला बॅकट्रॅकिंग. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ साली सुव्यवस्थित प्रोग्रामिंग कसं करावं हे दाखवायला हेच कोडं उदाहरण म्हणून घेतलं होतं. फरशीवर तुम्ही जे केलं तेच इथे आहे. "ठेव(ओळ + १)" म्हणजे खालच्या ओळीत उतरणं. ते काम संपवून परत आलं, की आपण वरच्याच ओळीत असतो आणि चिंचोका अजून तिथेच असतो.

आणि इथेच गाडी फसते.

शेवटची ओळ: पुसणं

भाचीने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा "तिन्ही खुणा पूस" ही ओळ गाळली. प्रोग्राम चालला, लाल अक्षरात कुठलीही तक्रार नाही, आणि एकूण उत्तरं: ०.

"मामा, हे काहून शून्य दाखवून राहिलं?"

मी लगेच सांगितलं नाही. पटाचा आकार बदलून बघ म्हटलं. चारला ०, सहाला ०, सातला ०, आठला ०. आणि पाचला १. ती चक्रावली. पाचलाच एक काहून?

हातात चिंचोके असल्यामुळे उलगडा पाच मिनिटांत झाला. पाच बाय पाचवर आपला "डावीकडून पहिलं चालणारं घर" नियम लावला तर १, ३, ५, २, ४ असं थेट खालपर्यंत उतरता येतं, एकदाही न अडकता. मागे यायची गरजच पडत नाही, म्हणून पुसायला विसरलेलं चालून जातं. पण तेवढंच. त्यानंतर पाचही स्तंभांवर कायमच्या खुणा, दुसरं उत्तर निघायची सोय नाही. खरी उत्तरं तिथे १० आहेत.

आठच्या पटावर तोच नियम १, ३, ५, २, ४ असा पाच ओळी उतरतो आणि सहाव्या ओळीत अडकतो: ६ पहिल्या वजिराच्या तिरप्यात, ७ दुसऱ्याच्या, ८ तिसऱ्याच्या. मागे यायचं, चिंचोका उचलायचा. तिने प्रोग्राममध्ये चिंचोका उचलला, पण तो कोणाकोणाला मारत होता त्या खुणा पटावरच राहिल्या. पटावर भुतं उभी राहिली म्हणा ना. एकदा वापरलेला स्तंभ पुन्हा कधीच मोकळा होत नाही, मग आठ ओळी भरणार कशा?

म्हणून एक सवय लावून घ्या. "खुणा लाव" लिहिलं की लगेच दोन ओळी सोडून "खुणा पूस" लिहून टाकायचं आणि मग मधली "ठेव(ओळ + १)" भरायची. कंस उघडला की आधी बंद करतो तसं. आणि लावताना ज्या तीन खुणा लावल्या त्याच तीन पुसायच्या. दोन पुसून एक राहिली तर चूक शोधणं आणखी अवघड.

खुणा न ठेवता, दर वेळी आधी बसवलेल्या प्रत्येक वजिराशी तुलना करूनही हा प्रोग्राम लिहिता येतो: स्तंभ सारखा आहे का, किंवा ओळींमधलं अंतर आणि स्तंभांमधलं अंतर सारखं आहे का. तिथे पुसावं लागत नाही, कारण जुना आकडा नव्या आकड्याखाली आपोआप जातो. बरेच जण तोच शिकवतात. मी नाही शिकवत. कारण पुसण्याची भानगड आज ना उद्या येतेच. सुडोकू घ्या, घोड्याची पटभर फेरी घ्या, तिथे ती टाळणं अवघड.

दुसरी नेहमीची चूक "नक्कल" या शब्दाशी आहे. पायथॉनमध्ये वजीर-लिस्ट जशीच्या तशी उत्तरांत टाकली तर तिची प्रत जात नाही, तिच्याकडे बोट दाखवणारी खूण जाते. शेवटी मोजणी ९२ येते, छाती फुगते, आणि छापून बघावं तर ९२ वेळा एकच मांडणी. म्हणून नक्कल करूनच टाका.

९२ आले, पण बरोबर आलेत का?

एकूण जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं मी धरत नाही. या काही तपासण्या करून बघा.

पहिलं उत्तर १, ५, ८, ६, ३, ७, २, ४ असं यायला हवं. डावीकडून शोधत गेलात तर दुसरं काही पहिलं येऊ शकत नाही. तिथपर्यंत पोहोचायला "घर मोकळं आहे का" हा प्रश्न ८७६ वेळा विचारला जातो. प्रश्नाआधी एक मोजणीयंत्र बसवा आणि बघा. सगळी ९२ उत्तरं निघेपर्यंत तो १५,७२० वेळा विचारला जातो. चारशे बेचाळीस कोटी कुठे आणि पंधरा हजार कुठे! अडकल्याबरोबर मागे फिरण्याची ही किंमत आहे, की बचत म्हणू?

पहिल्या ओळीतला वजीर कुठल्या स्तंभात आहे त्यानुसार उत्तरांची वाटणी करा. स्तंभ १ ते ८ साठी ४, ८, १६, १८, १८, १६, ८, ४ असे आकडे यायला हवेत. डावी-उजवी बाजू आरशासारखी नसेल तर बेरजेच्या किंवा वजाबाकीच्या खुणेत घोळ आहे असं समजा.

मला सगळ्यात आवडणारी तपासणी अशी: तिरप्याच्या दोन्ही अटी काढून टाका आणि फक्त स्तंभाची ठेवा. आता वजिरांचे हत्ती झाले, नुसते आडवे-उभे जाणारे. उत्तर ४०,३२० आलंच पाहिजे. ते आलं म्हणजे उतरणं, चढणं, पुसणं सगळं ठीक, आणि जी काही चूक असेल ती तिरप्यातच आहे.

मग आठच्या जागी दुसरे आकार. ("९" आणि "+ ८" हेही त्यासोबत बदलायला विसरू नका, आणि लिस्टही वाढवा.) १ ला १, २ ला ०, ३ ला ०, ४ ला २, ५ ला १०, ६ ला ४, ७ ला ४०, ८ ला ९२, ९ ला ३५२, १० ला ७२४, ११ ला २,६८०, १२ ला १४,२००. सहाला पाचपेक्षा कमी उत्तरं येतात हे पाहून बऱ्याच जणांना प्रोग्राम चुकल्यासारखं वाटतं. चुकलेला नाही, तसंच आहे.

खरी वेगळी किती?

भाचीला ९२ चा कागद दिला तर ती तो उलटा धरून म्हणाली, "मामा, हे तर तेच आहे, फक्त उलटं." बरोबर पकडलं. पट फिरवून किंवा आरशात धरून मिळणारी उत्तरं एकच धरली तर उरतात फक्त १२.

ती काढायला प्रत्येक उत्तराची आठ रूपं तयार करायची. त्यासाठी तीन क्रिया पुरतात. पहिली, लिस्ट उलटी वाचणं: १, ५, ८, ६, ३, ७, २, ४ चं ४, २, ७, ३, ६, ८, ५, १ होतं, म्हणजे पट वरचा खाली. दुसरी, प्रत्येक आकडा ९ मधून वजा करणं: ८, ४, १, ३, ६, २, ७, ५, म्हणजे डावं उजवीकडे. तिसरी, ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल: १ हा आकडा कितव्या जागी आहे, २ कितव्या, असं विचारत गेलं की १, ७, ५, ८, २, ४, ६, ३. या तिन्ही करणं किंवा न करणं, असे आठ प्रकार. आठांपैकी आकड्यांच्या क्रमाने सगळ्यात लहान जे रूप, तेच त्या कुटुंबाचं आडनाव समजा आणि एका संचात टाका (संचात एकच गोष्ट दोनदा राहत नाही). ९२ उत्तरं ओतली की संचात १२ उरतात.

बारा गुणिले आठ तर ९६. मग चार कमी का? ३, ५, २, ८, १, ७, ४, ६ ही मांडणी चिंचोक्यांनी लावा आणि पट अर्धा फिरवा. हलल्यासारखं काहीच वाटत नाही, मांडणी तीच. हिची आठाऐवजी चारच रूपं होतात. अकरा गुणिले आठ, अधिक चार, ९२.

पट मोठा झाला की: बिट्स

बारा-तेरापर्यंत वरचा प्रोग्राम चालवा. त्यापुढे तो रेंगाळायला लागतो, कारण उत्तरंच फार: १४ ला ३,६५,५९६, १६ ला १,४७,७२,५१२. इथे खुणांच्या लिस्ट सोडून तीन साधे आकडे घ्यायचे आणि त्यांच्या बिट्सना, म्हणजे संगणक आकडा ज्या ० आणि १ मध्ये ठेवतो त्यांना, खुणा मानायचं. खालच्या सांगाड्यात | हे चिन्ह दोन आकड्यांतल्या खुणा एकत्र करतं, & दोन्हींत असलेल्याच ठेवतं, ~ खुणा उलटवतं आणि दुहेरी बाण सगळ्या खुणा एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतात.

    मोज(स्तंभ, डावी, उजवी):
        जर स्तंभ = पूर्ण: १ परत दे
        मोकळी = पूर्ण & ~(स्तंभ | डावी | उजवी)
        एकूण = ०
        मोकळी ० होईपर्यंत:
            घर = मोकळी & −मोकळी
            मोकळी = मोकळी − घर
            एकूण = एकूण + मोज(स्तंभ | घर,
                              (डावी | घर) << १,
                              (उजवी | घर) >> १)
        एकूण परत दे

"पूर्ण" म्हणजे पटाच्या रुंदीइतके १: आठसाठी २५५, चारसाठी १५. सुरुवात मोज(०, ०, ०). "मोकळी & −मोकळी" हे मोकळ्या घरांतलं सगळ्यात उजवं घर एका फटक्यात काढून देतं.

नुसतं वाचून हे पटत नाही, म्हणून पुन्हा चार बाय चार, यावेळी उजवीकडून मोजत. पहिल्या ओळीत दुसरं घर: ००१०. खालच्या ओळीत उतरताना स्तंभाची खूण तिथेच, ००१०. डावी तिरपी एक घर डावीकडे सरकते, ०१००. उजवी एक घर उजवीकडे, ०००१. तिन्ही एकत्र ०१११, मोकळं फक्त १०००, म्हणजे चौथं घर. तिथे ठेवा आणि उतरा: स्तंभ १०१०, डावी १००० (पटाबाहेर गेलेला बिट सोडून द्या), उजवी ०१००. एकत्र १११०, मोकळं ०००१, पहिलं घर. आणखी खाली स्तंभ १०११, डावी ००१०, उजवी ००१०, मोकळं ०१००, तिसरं घर. २, ४, १, ३! फरशीवरचंच उत्तर.

मघाच्या प्रोग्राममध्ये जिथे घात झाला ते "पूस" इथे कुठेच नाही. खालच्या ओळीला आपण नवे आकडे देतो, आपले जुने आपल्यापाशीच राहतात. परत आलं की पट जसा सोडला होता तसाच. भाचीचं म्हणणं पडलं की मग आधीच हे काहून नाही शिकवलं? ज्याने पुसायला विसरून शून्य पाहिलंय त्यालाच या तीन आकड्यांची गंमत कळते, असं माझं मत. तिचं मत वेगळं आहे.

आणखी वेग हवा असेल तर आरशाचा फायदा घ्या: पहिल्या ओळीत फक्त अर्ध्या स्तंभांत वजीर ठेवून मोजा आणि दुप्पट करा. आठला पहिल्या चार स्तंभांचे ४, ८, १६, १८ मिळून ४६, दुप्पट ९२. विषम पटावर मधला स्तंभ वेगळा मोजा आणि तो दुप्पट करू नका. पाचला पहिल्या दोन स्तंभांचे २ आणि २, दुप्पट ८, त्यात मधल्याचे २ मिळवून १०. भाचीने मधलाही दुप्पट केला होता, १२ आले.

किती मोठ्या पटापर्यंत जाता येतं? २०१६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये संशोधकांनी खास जुळवलेल्या हार्डवेअरवर २७ बाय २७ ची मोजणी पूर्ण केली. उत्तर २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८. आमच्या लॅपटॉपवर आम्ही १६ लावलं आणि संध्याकाळी कूलर बंद करून गच्चीवर पाणी मारायला गेलो. खाली आलो तेव्हा १,४७,७२,५१२ स्क्रीनवर होते, आणि फरशीवरचा खडूचा पट आईने पुसून टाकला होता.